पाकट-जलजीवालयातील वनस्पती

गोड्या पाण्यातील पाकट मासे ज्या टाकीत पाळतात, तीत जिवंत जलवनस्पती वाढविण्याचे तंत्र. व्यापारात ‘स्टिंग रे’ या नावाने विकले जाणारे हे मासे आणि वनस्पती एकत्र नांदत नाहीत, असा समज हौशी पालकांत रूढ आहे. तळाच्या वाळूत रुजविलेल्या वनस्पतींपुरता तो खरा आहे. खडकाच्या फटीत किंवा लाकडावर मुळे रोवणाऱ्या आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींना मात्र तो लागू पडत नाही. अशी वाढ निसर्गात कशी होते, हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील ओढ्यांत चांगले पाहता येते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके त्याच प्रदेशात मोडतात.

कोकण किनाऱ्यावर मिळणारे पाकट खाऱ्या पाण्यातील होत. गंगेच्या खोऱ्यातील पाकटाची जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; ती पाळता येत नाही. जलजीवालयात दिसणारे पाकट दक्षिण अमेरिकेतील पोटॅमोट्रायगॉनिडी कुलातील असून पोटॅमोट्रायगॉन मोटोरो ही त्यांतील सर्वपरिचित जाती आहे. तिचे तबकडीसारखे शरीर पूर्ण वाढीअंती सु. ५० सेंमी. रुंद होते. तोंड खालच्या बाजूस असल्याने हा मासा वाळूवर पाण्याचे झोत सोडून, शरीराच्या कडा हलवून भक्ष्य उकरून काढतो व विश्रांती घेताना वाळूखाली दडतो. त्या वेळी डोळ्यांमागील श्वासरंध्रे तेवढी उघडी राहतात. वाळू उकरणे हे त्याचे खाणेही आहे आणि लपणेही. ते थांबविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे त्याला उपाशी व अस्वस्थ ठेवणे होय. तळ त्याच्यासाठी मोकळा सोडून वनस्पतींची सोय इतरत्र करणे, हाच या तंत्राचा पाया आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही हे मासे बहुधा वाळूच्या वा गाळाच्या उघड्या तळावर राहतात.

वनस्पती केवळ शोभेसाठी ठेवावयाच्या नसतात. समुद्रातील पाकट रक्तात यूरिया साठवून ठेवतात. पोटॅमोट्रायगॉनच्या रक्तात यूरिया अत्यल्प असतो, असे थॉर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. हे मासे नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. आहार मांसाहारी व भरपूर असल्यामुळे टाकीतील अमोनिया झपाट्याने वाढतो. तो किती घातक ठरेल हे पाण्याच्या अम्लतेवर अवलंबून असते : २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असता एकूण अमोनियापैकी सु. ०.६ टक्के विषारी मुक्त रूपात असतो, तर मूल्य ८ झाल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते. गाळण यंत्रातील सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्राइटात व पुढे नायट्रेटात रूपांतर करतात. वनस्पती अमोनिया व नायट्रेट ही दोन्ही शोषून घेतात. असे असले, तरी वनस्पती म्हणजे गाळण यंत्राला पर्याय नव्हे. एका प्रौढ पाकटाचा भार पेलण्याइतकी हिरवळ घरगुती टाकीत मावत नाही. पाणी नियमितपणे बदलावेच लागते. वनस्पतींमुळे दोन पाणीबदलांच्या दरम्यान नायट्रेटाची वाढ मंदावते आणि माशाला सावली मिळते. त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

जव्हार-मोखाड्याचा प्रदेश बेसाल्ट खडकाचा आहे. त्र्यंबकच्या परिसरात उगम पावणारी वैतरणा मोखाडा तालुक्यातून वाहते. पिंजाळ ही तिची उपनदी याच डोंगराळ भागातून येते. पावसाळ्यात येथील ओढे धो-धो वाहतात, तर एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांना पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागते. पुराच्या लोंढ्यात वाळू व माती वाहून जाते. तेथे टिकाव धरणाऱ्या वनस्पतीला खडकाचाच आधार घ्यावा लागतो. कोकण व सह्याद्रीतील नद्यांत आढळणारी क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिस ही सुरण कुलातील वनस्पती याचे बोलके उदाहरण होय. तिची पाने अरुंद, लांब व पीळदार असतात. मुळे दगडगोट्यांमध्ये घट्ट रुतलेली असल्याने ती पावसाळ्यात वेगवान प्रवाहाखाली तग धरते आणि पाणी ओसरल्यावर फुलते. संथ डोहांत व जलाशयांत वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पतींची मुळे मऊ गाळात असतात. पाकटाच्या टाकीत त्या दोन-तीन दिवसांत उपटून वर येतात. ओढ्यातील लोंढा जे करतो तेच टाकीत पाकट करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वनस्पतींची निवड सोपी होते.

लागवड : ईशान्य भारत व आग्नेय आशियात आढळणारा जावा नेचा आणि आफ्रिकेतील ॲन्युबियस (हीदेखील सुरण कुलातील) या दोन वनस्पती सर्वांत भरवशाच्या ठरल्या आहेत. त्यांचे मूलक्षोड जमिनीत पुरल्यास कुजते. म्हणून ते सुती दोऱ्याने लाकडाच्या ओंडक्यावर किंवा गुळगुळीत दगडावर बांधतात. काही आठवड्यांत मुळे आधाराला चिकटतात, तोवर दोरा विरून गेला तरी चालतो. शेवाळीही अशीच बांधता येते. ओंडका व दगड वाळूवर न ठेवता थेट टाकीच्या तळावर टेकवून मग भोवती वाळू पसरावी, अन्यथा पाकट खालची वाळू उकरतो आणि दगड त्याच्यावरच कलंडतो. हा अपघात नवख्यांच्या टाकीत वारंवार घडतो. क्रिप्टोकोरीन लावावयाची असल्यास जड मातीच्या कुंडीत लावून वर मुठीएवढे गोटे दाबून बसवितात व कुंडी उंचवट्यावर किंवा आडव्या काचपट्टीमागे ठेवतात. कुंडी हलकी असल्यास मोठा पाकट ती सहज उलथवितो. तळासाठी बारीक, गोल कणांची नदीची वाळू वापरतात. बेसाल्टची खडी किंवा तिचा चुरा धारदार असल्याने माशाच्या पोटाची नाजूक त्वचा सोलवटते. या भागात ती स्वस्त व मुबलक मिळते, म्हणून हा इशारा आवश्यक आहे.

तरंगणाऱ्या वनस्पतींत गोंडाळ सोयीची आहे. तिच्या लोंबत्या मुळांना वाळूशी कर्तव्य नसते व पाने हवेत असल्याने वाढ जलद होते. मनीप्लँटची मुळे गाळण यंत्राच्या कप्प्यात सोडून पाने बाहेर वाढविण्याची रीतही अनेक पालक अवलंबितात. नायट्रेट कमी करण्यास ती उपयुक्त आहे. मात्र पृष्ठभाग पूर्ण झाकू देऊ नये, कारण हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळण्यास मोकळा पृष्ठभाग लागतो.

प्रौढ पाकटासाठी टाकीची उंची गौण व तळाचे क्षेत्र महत्त्वाचे असते. सु. २.४ मी. लांब, १ मी. रुंद व ६० सेंमी. खोल टाकीत १,४०० लिटरपेक्षा थोडे अधिक पाणी मावते. हे किमान माप समजावे. तापमान २५°–२८° से. राखतात. प्रकाश मंद, दिवसाकाठी सहा ते आठ तास पुरेसा असतो. पाकटाला प्रखर प्रकाश रुचत नाही आणि वर सांगितलेल्या वनस्पतींनाही त्याची गरज नसते. वनस्पतींच्या जोमदार वाढीसाठी इतरत्र सोडला जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू येथे वर्ज्य आहे. मुळांशी पुरावयाच्या खतगोळ्याही मासा उकरून काढतो. नायट्रोजन व फॉस्फरस माशाच्या विष्ठेतूनच मिळतात. लोह वा पोटॅशियम द्यावयाचे झाल्यास खतात तांबे नाही ना, हे पाहावे लागते. तांबे पाकटांना अल्प मात्रेतही मारक असते व गोगलगायी मारण्याच्या काही औषधांतही ते असते. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, हा मुद्दा सहसा विसरला जातो. संपृक्त अवस्थेत एक लिटर पाण्यात २५° से. तापमानास सु. ८.३ मिग्रॅ. ऑक्सिजन असतो, ३०° से. तापमानास तो सु. ७.६ मिग्रॅ.पर्यंत उतरतो. उन्हाळ्याच्या रात्री वीज गेल्यास दाट लागवडीची टाकी म्हणूनच अधिक धोक्याची असते. अशा ठिकाणी विजेरी घटावर चालणारा हवापंप जवळ ठेवतात.

छाटणी करताना हात पाण्यात घालावा लागतो आणि पाकटाच्या शेपटीवर दंतुर, विषारी काटा असतो. मासा दिसत नसेल, तर तो वाळूखाली आहे असे धरून चालावे. दोघांनी मिळून, मासा आडपडद्याने एका बाजूस ठेवून काम करणे सुरक्षित असते. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून धरल्याने वेदना कमी होतात. तरीही वैद्यकीय उपचार अनिवार्य आहेत.

टाकीसाठी ओढ्यातील वनस्पती उपटून आणणे योग्य नव्हे. क्रिप्टोकोरीनच्या काही भारतीय जाती अत्यंत मर्यादित क्षेत्रात आढळतात आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यात पुढील पावसाची सारी भिस्त उरलेल्या मूलक्षोडांवर असते. रोपवाटिकेतील रोपे मिळतात व ती रोगजंतू, जळवा आणि कीटकनाशकांचे अवशेष यांच्या दृष्टीनेही कमी धोक्याची असतात.

उलट दिशेचा धोका याहून मोठा आहे. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथील मध्य वैतरणा धरण (२०१४) आणि त्याखालील मोडक सागर हे मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय आहेत. नकोसा झालेला मोठा मासा मोकळ्या पाण्यात सोडणे अनेकांना दयेचे कृत्य वाटते. सिंगापूरच्या जलाशयांत अशा रीतीने शिरलेल्या मोटोरो पाकटांनी तेथे प्रजनन करून कायमची वस्ती केली आहे. महाराष्ट्रात उजनी जलाशयात जलजीवालयांतून आलेला, काचेला चिकटणारा ‘सकरमाउथ’ मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला. जलपर्णी ही तर पाकटांच्याच मुलखातील, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वनस्पती. शोभेसाठी आणली गेली आणि भारतभरच्या तळ्यांत पसरली. पोटॅमोट्रायगॉनच्या सात जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०२२ मध्ये निर्बंध घालण्यात आले. त्यांत काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली लिओपोल्डी ही जाती आहे. मोटोरो मात्र त्या सातांत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा करारबद्ध विदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद केली आहे.

छाटलेली पाने, गोंडाळाची जादा रोपे व शेवाळीचे तुकडे कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच खतखड्ड्यात टाकतात. बदललेले पाणी ओढ्यात वा गटारात न सोडता कापडातून गाळून परसातल्या झाडांना घालतात. त्यातील नायट्रेट अळू व केळीला मानवते.