घरी जायची तयारी कोण करून घेतं?

शुश्रूषेच्या गुणवत्तेचा आढावा नाइटिंगेलबाईंपासून सुरू करायची रीत आहे, म्हणून त्यांना नमस्कार. १८६० ची त्यांची लंडनमधली शाळा, पुढे अमेरिकेतल्या सिद्धान्तांची रांग, मग ऑडिट आणि मानांकनं, हे सगळं नर्सिंगच्या मुलींना परीक्षेपुरतं पाठ असतंच.

खरी जाग आणली लिंडा एकेन यांनी. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा हिशेब त्यांनी २००२ साली मांडला. सिस्टरच्या वाट्याला एकेक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असा तो निष्कर्ष. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतही आकडा तोच निघाला. कॅलिफोर्नियात सिस्टर-रुग्ण प्रमाण कायद्यानं बांधलेलं आहे. आपल्याकडे प्रमाण पाहायचं तर नाइट ड्यूटीला सर्जिकल वॉर्डात या.

पण रुग्ण जगला एवढ्यावर शुश्रूषा संपत नाही. तो घरी गेल्यावर निभावेल का? मार्क्वेट विद्यापीठाच्या मॅरिअन वाइस यांनी हा प्रश्न मोजपट्टीवर आणला. आजची प्रकृती, माहिती, निभावून नेण्याची ताकद आणि घरच्यांची साथ, अशी घरी जायच्या तयारीची चार अंगं. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात ही तयारी सर्वांत जास्त ठरली ती सिस्टर कशी शिकवते यावरून. किती माहिती दिली यावरून नव्हे. पुढे असंही दिसलं, की रुग्ण पुन्हा रुग्णालयात येईल का याचा अंदाज त्याच्यापेक्षा त्याच्या सिस्टरला जास्त असतो.

सिस्टर ट्यूटर म्हणून आयुष्यभर मी हेच घोकून घेतलं. शिकवणं ड्रेसिंग करतानाच व्हावं. जखमेभोवतीची लाली, पू, ताप, पोटरीची सूज रुग्णाला दाखवून सांगायची आणि मग त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची. हर्नियाच्या बाईला 'वजन उचलू नका' म्हटलं की ती मान डोलावते. घरी पाण्याची कळशी कोण भरतं, हे विचारल्यावर खरी अडचण बाहेर येते. गुडघा बदललेल्या आजोबांना जिन्याच्या आधी संडास कसला आहे ते विचारायचं. 'भात खाल्ला की पू होतो' म्हणणाऱ्या सासूबाईंनाही या शिकवणीला बसवायचं, कारण पथ्याचा शेवटचा शब्द त्यांचाच.

रुग्णाला लवकर घरी पाठवण्याच्या भक्तांशी माझं जुनं भांडण आहे. ते डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांचं नाव घेतात. केलेट यांच्या पद्धतीत लवकर उठवणं, लवकर खायला देणं आहे, तसंच शस्त्रक्रियेआधी रुग्णाला नीट समजावणंही आहे. आमच्या मंडळींनी खाट रिकामी होण्याचा भाग तेवढा उचलला.

आता तर डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक बिलाच्या खिडकीशी आणि विम्याच्या मंजुरीत अडकलेले, सिस्टर संगणकावर रकाने भरतेय आणि रुग्ण कपडे बदलून खाटेवर ताटकळतोय. सूचना फोनवर येतात. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये कर्मचारी हसतमुख होते का, हे विचारतात. टाके ओले दिसले तर काय कराल, हे कोणी विचारत नाही.

उपाय महागडा नाही. दर पाळीच्या हँडओव्हरमध्ये एक रकाना वाढवा: रुग्णानं आज स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं? तो भरायला सिस्टरला खाटेपाशी दहा मिनिटं बसावं लागेल. त्यासाठी रिक्त जागा भराव्या लागतील, आणि घोडं नेमकं तिथेच अडलंय.