पांढऱ्या पाण्यावरची नाव

रायगड जिल्ह्यात कोलाड नावाचे गाव आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता तेथून जातो. जवळून कुंडलिका नदी वाहते. वैशाखात कोकणातल्या कितीतरी नद्या आटतात. कुंडलिका मात्र सकाळी भरून वाहू लागते. आभाळात ढग नाही. मग हे पाणी आलं कुठून?

हे पाणी घाटावरचे. पुणे जिल्ह्यात मुळशीला मुळा नदीवर टाटांचे धरण आहे. मुळा ही पूर्वेकडे वाहणारी नदी. तिचे पाणी डोंगरातून पश्चिमेकडे वळवून खाली भिऱ्याच्या वीजघरात आणले आहे. १९२७ साली तिथे वीज तयार होऊ लागली. या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यासाठी १९२१ साली सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. पाण्यावर मौज करणाऱ्यांना एवढे ठाऊक असावे, असे आम्हांला वाटते.

वीज झाल्यावर पाणी नदीत सोडतात. ते बहुधा सकाळी येते. त्याच वेळी या पाण्यावर नावेचा खेळ चालतो. त्याला राफ्टिंग म्हणतात.

ही नाव रबराची असते. तिच्यात हवा भरतात. हवेचे कप्पे वेगवेगळे असतात. एक फुटला तरी बाकीचे नाव तरंगती ठेवतात. दोन्ही काठांवर माणसं बसतात. प्रत्येकाच्या हाती वल्हे. मागे वाटाड्या बसतो. तो ओरडतो, "पुढे!" की सगळ्यांनी एकदम वल्हवायचं. एकानेही हात आखडला, तर नाव तिरपी होते.

नदी अरुंद झाली, उतार लागला, खाली खडक आले, की पाणी उसळते. त्यात हवा मिसळते आणि ते पांढरे दिसते. हा फेस दिसायला छान, पण फसवा बरं! हवा मिसळलेल्या पाण्यावर माणूस कमी तरंगतो. म्हणून चांगल्या पोहणाऱ्यानेही तरंगते जाकीट घालायचेच. त्याचे पट्टे घट्ट आवळायचे. डोक्याला टोप हवाच.

पाण्यात पडलो तर? उभे राहू नका! गुडघाभर पाण्यातही नाही. पाय दोन दगडांच्या सांदीत अडकतो, मागून पाण्याचा लोंढा रेटतो आणि माणूस तोंडावर खाली दाबला जातो. कंबरभर पाण्यातही असा जीव जातो. त्यापेक्षा उताणे व्हावे. पाय वर, वाहत्या पाण्याच्या दिशेला पुढे ठेवावेत. म्हणजे दगड आला तर पायाने ढकलता येतो. वरून दोरी फेकतील. ती छातीशी धरावी, हाताला गुंडाळू नये. गुंडाळलेली दोरी वेळेला सुटत नाही.

खेळाचा त्रास होतो, तो काठावरच्यांना नसतो असं नाही. धुणे धुवायला, गुरे पाजायला बायामाणसं नदीवर जातात. पोरं मधल्या खडकावर जाऊन बसतात. पाऊस नसतानाही इथे पाणी चढते, हे गावातल्यांना माहीत असते. पाहुण्यारावळ्यांना नसते. लग्नाला आलेली मंडळी आंघोळीला निघाली, तर घरच्या कोणी तरी सोबत जावे. आणि पाणी कधी सुटते, ते आधी विचारून घ्यावे.