दहावी-बारावीनंतर पुढे काय? दृष्टिबाधित मुलांविषयीचे काही समज

दृष्टिबाधित मुलाच्या घरी निकालाचे पेढे वाटून झाले की एक प्रश्न हमखास येतो: आता पुढे काय? विचारणारे आपुलकीने विचारतात आणि उत्तरही तेच देऊन टाकतात. ‘आर्ट्स घे, नाहीतर गाणं शीक, एखादा कोर्स करून कुठेतरी चिकट.’ या सल्ल्यामागचे समज तपासायला हवेत, कारण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या वाटा त्यांच्यामुळे विनाकारण बंद होतात.

पहिला समज नजरेविषयीचाच आहे: दृष्टिबाधित म्हणजे डोळ्यांपुढे मिट्ट काळोख. प्रत्यक्षात बहुतेकांना काही ना काही दिसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये अल्पदृष्टी आणि अंधत्व वेगवेगळं मोजलं आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पर्यंत उतरलेली असेल, म्हणजे इतरांना 18 मीटरवरून दिसणारं अक्षर 6 मीटरवर आल्याशिवाय वाचता येत नसेल, तर तिथून अल्पदृष्टी सुरू होते. 3/60 च्या खाली अंधत्व. पण नजरेचा आवाका 10 अंशांपेक्षा कमी असला तरी कायद्याने ते अंधत्वच. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा नजरेचा आवाका आक्रसवणारा आजार असलेली एखादी मुलगी म्हणूनच बसमध्ये पुस्तक वाचताना दिसते आणि उतरताना पांढरी काठी उघडते. समोरच्या ओळीचा तुकडा तिला स्पष्ट दिसतो, पायाखालची पायरी दिसत नाही. ‘नाटक करते’ हे तिने कितीदा ऐकलेलं असतं! मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका तिला उलट त्रासाची, कारण नजरेच्या त्या छोट्या वर्तुळात अक्षरं कमी मावतात. तिच्या बाकावरच्या दुसऱ्या मुलाला मात्र मोठा टाइपच लागतो. सोय ठरवण्याआधी त्या मुलालाच विचारावं, हे त्यासाठी.

‘सायन्स आणि गणित झेपणार नाही’ हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांनी पुण्याच्या वाडिया कॉलेजातून गणिताची पदवी घेतली, आयआयटी मुंबईतून गणित आणि संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि 1994 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. केली. प्रबंधासाठी त्यांनी गणिताची समीकरणं कानाने वाचता येतील अशी प्रणाली तयार केली. तिचं नाव ‘अ‍ॅस्टर’. त्यांच्या मार्गदर्शक श्वानाचंही तेच नाव होतं. नंतर ते गूगलमध्ये गेले.

अडचण नेमकी कुठे येते, ते पाहा. नोट्समधलं समीकरण बहुतेक वेळा चित्र म्हणून चिकटवलेलं असतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तिथे पोचला की ‘ग्राफिक’ एवढंच म्हणतो आणि पुढे सरकतो. तेच समीकरण मॅथएमएल या पद्धतीने लिहिलेलं असेल तर अंश, छेद, घात असं एकेक पद ऐकता येतं, अडलं तर मागे जाता येतं. आकृत्यांसाठी बोटांना जाणवणाऱ्या उठावाच्या रेषांचे कागद असतात. प्रयोगशाळेसाठी बोलका तापमापक, बोलका वजनकाटा मिळतो. हे सगळं सत्र सुरू होण्याआधी हातात पडलं पाहिजे. डिसेंबरात मिळालेल्या नोट्सवर नोव्हेंबरची परीक्षा देता येत नाही.

‘मोबाइल सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?’ असं आता शिक्षकसुद्धा विचारतात. ऐकून आशय कळतो, शुद्धलेखन कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कानाला जेमतेम जाणवतो, बोटाला लगेच. ज्याला पुढे भाषा, कायदा किंवा संगणकाचं प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे, त्याचं ब्रेल सुटू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

लेखनिकाबद्दलचा समज तर परीक्षा केंद्रांवरच्या पर्यवेक्षकांमध्येही आढळतो. ‘उत्तरं रायटरच सांगतो, वर जादा वेळ!’ लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं, असा नियम आहे. म्हणजे ज्याने तो विषय त्या पातळीवर शिकलेलाच नाही, असा मुलगा शेजारी बसतो. जादा वेळ तासाला किमान 20 मिनिटं, तीन तासांच्या पेपरला किमान एक तास. तो कशात जातो? प्रश्नपत्रिका नुसती चाळून सोपा प्रश्न आधी निवडणं इथे जमत नाही. सगळे प्रश्न वाचून घ्यावे लागतात आणि लक्षात ठेवावे लागतात. मग उत्तर मनात जुळवायचं, समोरच्याच्या हाताच्या वेगाने सांगायचं, नवा परिच्छेद कुठे ते सांगायचं, पारिभाषिक शब्दाचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगायचं, मधेच ‘मागचं वाक्य वाच’ म्हणायचं आणि तुटलेला धागा पुन्हा पकडायचा. शेजारच्या बाकांना ऐकू जाऊ नये म्हणून हे सगळं दबक्या आवाजात. इतकं करून अक्षर दुसऱ्याचं आणि गुण मात्र आपले. जिवाला खरा घोर लागतो तो आदल्या संध्याकाळपर्यंत लेखनिक पक्का नसतो त्याचा, कारण त्याचीही परीक्षा त्याच दिवसांत असते. महाविद्यालयाने लेखनिकांची यादी आधीच तयार ठेवली आणि परीक्षेपूर्वी एकदा दोघांना बसवून सराव करून घेतला तर हा घोर संपतो. ज्याला टाइप करता येतं त्याने संगणकावर स्वतः पेपर लिहिण्याची मुभा मागावी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ती आहे.

‘पुस्तकं स्कॅन करणं बेकायदा,’ असं म्हणून ग्रंथपाल हात वर करतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात यासाठी स्पष्ट सूट आहे: ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी नफा न घेता त्याची वाचता येईल अशी प्रत करता येते आणि देता येते. अशा प्रती देशोदेशी पाठवता याव्यात म्हणून झालेल्या माराकेश कराराला 2014 मध्ये सर्वात आधी मान्यता देणारा देश भारतच. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून चालू आहे.

मराठीत मात्र एक जादा पंचाईत आहे. आपल्या कित्येक नोट्स अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होतात. डोळ्यांना तिथे स्वच्छ देवनागरी दिसते. स्क्रीन रीडर मात्र त्यामागची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडत सुटतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो घडवला आणि तो मराठीही बोलतो. पण त्याच्यापुढे वाचण्याजोगं मराठी ठेवावं लागतं. प्राध्यापकांनी नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून वर्गाच्या आधी पाठवल्या तर पैसाही खर्च न होता अर्धं काम होतं.

राखीव जागांबद्दल थोडक्यात: सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा ठेवणं आणि वयात पाच वर्षांची सवलत देणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कोणाची मेहरबानी नाही.

‘एवढं शिकून नोकरी कोण देणार?’ हा शेवटचा आणि आईबापांना सर्वात छळणारा प्रश्न. दादरच्या अंध मुलींच्या कमला मेहता शाळेतून आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समधून शिकलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना एकदा यूपीएससी उत्तीर्ण होऊनही दृष्टीचं कारण देऊन रेल्वेची सेवा नाकारली गेली. 2016 च्या परीक्षेत त्या 124 व्या आल्या, आयएएस झाल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. 3 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिबाधित उमेदवारांना न्यायिक सेवेपासून दूर ठेवणारा मध्य प्रदेशचा नियमही रद्द केला. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे.

ज्यांच्या घरी यंदा हा प्रश्न आहे त्यांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, प्रवेशाआधीच काढून घ्यावं. कोणती सोय हवी, म्हणजे लेखनिक, जादा वेळ, मोठा टाइप की संगणक, हे प्रवेशाच्या वेळीच अर्ज करून लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र 2003 पासून याच कामात आहे. तिथे विचारता येईल. आणि कॉलेज सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, इमारत रिकामी असताना, मुलाला काठी घेऊन स्टॉपपासून वर्गापर्यंत, ग्रंथालयापर्यंत आणि कँटीनपर्यंत चार वेळा चालून येऊ द्यावं.