काठ बांधण्याआधी काठ वाचा

फुलंब्रीच्या गिरिजेचा किंवा एखाद्या ओढ्याचा ढासळलेला काठ उन्हाळ्यात जवळून पाहा. कुठे वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, तळाशी गोटे. उतरंडीसारखेच, सर्वांत आधी ठेवलेले सर्वांत खाली. काठ तुटू नये म्हणून गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) किंवा दगडी पिचिंग करायचे ठरले, की पोकलेन आधी नेमका हाच छेद खरवडतो. गाळात पाहण्यासारखे काय असते, असे विचारणारे बरेच भेटतात.

पैठणजवळ मुंगीला, गोदावरीच्या गोट्यांच्या थरात, ए. बी. विन या भूवैज्ञानिकाला १८६०च्या दशकात माणसाने काढलेला अकीकाचा छिलका मिळाला. त्याच थरात प्राचीन प्राण्यांची हाडे होती. म्हणजे माणूस त्या प्राण्यांच्या काळी इथे वावरत होता! रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३मध्ये चेन्नईजवळच्या पल्लावरमला सापडलेली दगडी कुऱ्हाड सगळ्यांना ठाऊक. आपल्या मराठवाड्याच्या वेशीवरचा विन मात्र विस्मरणात गेला. हा अन्याय आहे.

छिलक्याला मोल आले ते थरामुळे. थर हातचा गेला की काय होते, ते प्रवरेकाठच्या दायमाबादने दाखवले. १९७४ मध्ये तिथे झाडाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी कांस्यशिल्पे सापडली. वजन साठ किलोंहून अधिक. पुढे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी रीतसर उत्खनन केले, पण शिल्पे तोवर मातीबाहेर आलेली होती. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, तर डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकवरून त्या काळाविषयी शंका घेतली. वाद मिटलेला नाही.

पाहणी अवघड नसते. पाणी आटल्यावर काठाने चालायचे, खुरप्याने छेदाचा हातभर पट्टा साफ करायचा, राख, भाजकी माती, खापरे शोधायची. तांबड्या अंगावर काळी नक्षी आणि टिचकी मारली की खणखणीत आवाज, असे खापर दिसले तर ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीचे असू शकते. जागा, खोली, फोटो नोंदवला की बांधकाम थोडे सरकवता येते.

प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आहे. कुठेच नोंद नसलेल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाला हे कवच नाही. म्हणून मृदसंधारणाच्या अंदाजपत्रकात पाहणीचा दिवस आधीच धरायला हवा. आणि काठात काही दिसले तर उपसू नका. फोटो काढून तहसील कार्यालयात कळवा. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे.