गावाचा भाव वाढला, पण तुमचा धंदा वाढणार का?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जंगल पर्यटनातल्या छोट्या धंद्यांबद्दल बोललो. वेळेअभावी एक मुद्दा राहून गेला, तो जमिनीचा. चंद्रपूर-गडचिरोलीत धंदा सुरू करायचा विचार असेल तर हे शेवटपर्यंत वाचा.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं. 1995 साली त्याला अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे बफर क्षेत्र आलं. मोहर्ली, कोलारा, आगरझरी ही नावं आज पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला तोंडपाठ आहेत. आता गडचिरोलीकडे बघा. नक्षलवादामुळे बाहेरचा माणूस तिकडे फिरकत नव्हता. 1 जानेवारी 2025 ला अहेरी-गर्देवाडा एसटी सुरू झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भूपती या मोठ्या माओवादी नेत्याने 60 साथीदारांसह शरणागती पत्करली. सुरजागडचं लोहखनिज, कोनसरीचा कारखाना, रस्ते हे सगळं एकदम येतंय. कमलापूरचा हत्ती कॅम्प, मार्कंडा, भामरागडचा त्रिवेणी संगम आधीपासून आहेतच. आता तिथे जायला लोक कमी घाबरतात.

भीती कमी झाली की पर्यटक येतो. पर्यटकाच्या मागे पैसा येतो, आणि पैशाच्या मागे जमीन विकत घेणारा. हे मुंबईच्या गिरणगावात झालेलं आहे. 1982 च्या संपानंतर हळूहळू गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. लालबाग-परळचा भाव आभाळाला भिडला, पण अनेक कामगार कुटुंबं विरार-बदलापूरकडे सरकली. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळींचं काय झालं? गिऱ्हाईकच गेलं, तर चव कितीही चांगली असो, धंदा कसा टिकणार?

आधी गणित करा

समजा, गेटजवळ तुमची 2 एकर जमीन आहे आणि दलाल एकरी 20 लाख देतोय. (आकडे फक्त समजण्यासाठी.) 40 लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 2 लाख 80 हजार व्याज. दुसरीकडे, घरातल्या 2 खोल्या 1,200 रुपयांनी वर्षात 100 रात्री गेल्या तर 2 लाख 40 हजार. निम्मा खर्च वजा केला तर हातात 1 लाख 20 हजार.

म्हणजे कागदावर विक्री जिंकली! खोटं कशाला सांगू? पण पुढे बघा. 20 लाखांचं घर बांधलं, 10 लाखांची गाडी घेतली, उरले 10 लाख. त्याचं व्याज वर्षाला फक्त 70 हजार. आणि होमस्टेला ती 2 एकर लागलीच नव्हती, लागल्या घरातल्या 2 खोल्या. धान पिकतच राहिलं असतं. जमीन विकून त्याच जागेवरच्या रिसॉर्टच्या फाटकावर चौकीदारी करायची वेळ येऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

कायदाही माहीत असू द्या. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. "नावापुरती सही करा" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

गावाने मिळून ठरवलं तर काय होतं, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. 2013 मध्ये गावकऱ्यांनी ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. तिथे दलालाला गाठायला एकटा-दुकटा माणूसच सापडत नाही.

सुरक्षितता कोणाची?

पर्यटक जिप्सीत बसून वाघ बघतो. गावातली बाई मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचायला त्याच जंगलात पायी जाते, आणि हल्ल्यात जीव तिचा जातो. उन्हाळा हा सफारीचाही मोसम आणि तेंदूचाही. तुमच्या धंद्यामुळे एका घराचं जंगलात जाणं कमी झालं, तर तो नफा हिशेबाच्या वहीत दिसणार नाही, पण तो सगळ्यात मोठा आहे. म्हणून स्वयंपाकाला, खोल्या सांभाळायला गावातल्याच बायकांना घ्या.

मग सुरुवात कुठून?

1. कॅलेंडर मांडा. ताडोबाचा कोअर भाग 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो, आणि एरवी मंगळवारी. कमाई 9 महिन्यांची धरा, खर्च 12 महिन्यांचा. कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही येतो!

2. जे रिसॉर्टला जमत नाही ते विका. वडाभात, मोहफुलाचे लाडू, बांबूच्या वस्तू, हिवाळ्यात झाडीपट्टी नाटकाची रात्र. स्विमिंग पूलमध्ये त्यांच्याशी स्पर्धा करू नका.

3. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नका. पर्यटक आटला तर गावातले शिक्षक, वनरक्षक, कंत्राटी कामगार तुमच्याकडे जेवतील का? डबा सुरू करा.

4. योजना बघा. पीएमईजीपीमध्ये ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांना 35 टक्के अनुदान आहे. पर्यटन विभागाचं महिलांसाठीचं "आई" धोरण आहे, त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आज रात्री एक काम करा. सातबारा काढा, घरातल्या सगळ्यांना, बायकोला आणि आईलाही, सोबत बसवा आणि वरचं गणित तुमच्या आकड्यांनी मांडा. इसार घेण्याआधी हे झालं पाहिजे, इसारानंतर नाही. मग विकायचं ठरलं तरी हरकत नाही, पण तो निर्णय तुमचा असेल, दलालाचा नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशेब लिहीत राहा!