मुलांच्या हाती कारभार

हायस्कूलच्या वयातल्या मुलांना सार्वजनिक कामात ओढावे की नाही, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. ‘आधी अभ्यास, मग देश’ म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण गेल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. मोठ्यांनी मुलांवर खरे काम सोपवले तेव्हा मुले नागरिक झाली. नुसती भाषणे ऐकवली तेव्हा ती टाळ्या वाजवून घरी गेली.

सुरुवात अमळनेरपासून करावी लागते. १९२४ साली साने गुरुजी तिथे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवत. रागावणे नाही, दंड नाही. काही दिवसांत मुलेच लाजून खोल्या आवरू लागली. त्याच छात्रालयात ‘छात्रालय दैनिक’ निघे, हाताने लिहिलेले. जगातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, छात्रालयातल्या गोष्टी असे सगळे त्यात असे. खानदेशातल्या खेड्यांतून आलेल्या मुलांना देशाचा कारभार आपलाही आहे, हे त्या हस्तलिखित पानांतून पहिल्यांदा कळले असेल. आधी स्वतः झाडू घेतला आणि मग बातमी वाचायला दिली, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, तेव्हा मुलांना त्याचे नवल वाटले नसणार.

४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळी मैदानावर खेळ, लेझीम, समूहगीते आणि त्यानंतर बौद्धिक अशी शाखा भरे. शाखा चालवणारा स्वतःच अनेकदा विद्यार्थी असे. हजेरी घेणे, भांडण मिटवणे, न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणे, ही कामे त्याची. जात विचारायची नाही आणि मुलामुलींनी एकत्र खेळायचे, हे त्या काळी साधे नव्हते. नेतृत्व म्हणजे काय ते इथे कुणी फळ्यावर लिहून शिकवले नाही.

पुढच्याच वर्षी बेचाळीसचे आंदोलन पेटले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या मिरवणुकीत तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता गोळ्या झेलून पडला. त्याचे वय १५ वर्षे. त्याच्यासोबत त्याचे चार सोबतीही गेले. त्यांचे स्मरण करताना छाती भरून येते, पण मुलांनी मरून दाखवावे अशी अपेक्षा कोणत्याही समाजाने ठेवू नये. त्यांच्या धैर्याइतकीच त्या मिरवणुकीमागची उमजही आठवली पाहिजे. आपण कशासाठी चाललो आहोत, हे त्या पोरांना पक्के ठाऊक होते.

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले आणि सेवादलाच्या कलापथकातले तरुण गाणी म्हणत त्यांच्यासोबत हिंडले. अन्यायाविरुद्ध लढताना गाणेही हत्यार होते, हे त्या पिढीने पाहिले.

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटले. देश आपला झाला, म्हणून मुलांनी त्याची काळजी करायचे कारण उरले नाही, असे जणू सगळ्यांनी धरून चालले. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या पुस्तकाला जोडलेला शेवटचा भाग ठरला, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये आली, पण महाविद्यालयांत. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. त्याची तयारी चौदा-पंधराव्या वर्षी करावी लागते, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

त्याच १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी शाळाशाळांतून गेले. फटाकेमुक्त दिवाळीची त्यांची मोहीम मुलांच्या संकल्पावर उभी होती. फटाक्यांवर किती खर्च करणार होतो, तो किती कमी करणार आणि वाचलेले पैसे कुठे लावणार, हे मुलाने स्वतः ठरवायचे आणि घरी पटवून द्यायचे. सातवी-आठवीच्या पोराला वडिलांशी युक्तिवाद करावा लागणे, हे फार मोठे शिक्षण आहे.

पुढे २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी गावे ४५ दिवस श्रमदानाला उतरली, तेव्हा टिकाव-फावडी घेतलेल्या मोठ्यांच्या रांगेत शाळकरी मुलेही होती.

आज अनेक जिल्हा परिषद शाळांत मुलांचे मंत्रिमंडळ असते. उमेदवारी अर्ज, प्रचार, बोटाला शाई, मोबाईलवर मतदान यंत्राचे ॲप, सगळे रीतसर. मुले रंगून जातात आणि शिक्षक जीव ओतून ते घडवतात. अडचण शपथविधीनंतर सुरू होते. स्वच्छता मंत्र्याच्या हाती झाडूची खरेदीही नसते. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, हे आरोग्य मंत्र्याला दिसते, पण ते सांगायचे कुणाला आणि सांगितल्यावर काय होईल, हे तिला कुणी सांगत नाही. अधिकाराशिवाय पद दिले की मुले लवकर शिकतात, पण नको तेच शिकतात.

यावर एक वाट हाताशी आहे. ग्रामसभेआधी मुलांची बालसभा घेण्याची सोय गावांना उपलब्ध आहे. सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे: येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत बालसभेचा एक ठराव विषयपत्रिकेवर घ्या, तो मांडायला मुलांनाच उभे करा आणि त्यावर काय निर्णय झाला ते आठ दिवसांत त्यांना लेखी कळवा.