चढावरची शर्यत

सायकल चालवताना उतार लागला, की आपल्याला आनंद होतो. मोठा चढ आला, की आपण खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलत नेतो. पण इंग्लंडमधील काही सायकलपटू मुद्दाम उभा चढ शोधतात आणि त्यावर शर्यत लावतात!

लंडनच्या आग्नेयेस केंट नावाचा परगणा आहे. तेथे यॉर्क्स हिल नावाची टेकडी आहे. दाट झाडीतून एक अरुंद रस्ता तिच्या माथ्यावर जातो. कॅटफर्ड सायकलिंग क्लबची शर्यत या रस्त्यावर होते. ही शर्यत १८८७ साली जवळच्याच वेस्टरहॅमच्या टेकडीवर सुरू झाली. पुढे ती यॉर्क्स हिलवर आली. जगातील सर्वांत जुन्या सायकल शर्यतींमध्ये तिची गणना होते.

हा चढ फक्त सुमारे ६५० मीटर लांब आहे. मग त्यात अवघड ते काय? सपाट रस्त्यावर वेगाने जाताना मुख्य विरोध हवेचा असतो. चढावर मात्र स्वतःचे आणि सायकलचे वजन वर उचलावे लागते. या चढावर ते सुमारे ८० मीटर, म्हणजे पंचवीस मजली इमारतीहूनही उंच न्यावे लागते. माथ्याजवळ तर चार मीटर पुढे गेले, की एक मीटर वर चढावे लागते.

म्हणून स्पर्धक सायकलचे वजन कमी करतात. पाण्याची बाटलीसुद्धा ते बरोबर घेत नाहीत. शर्यत शरद ऋतूत असते. रस्त्यावर ओली पाने पडलेली असतात. स्पर्धक पेडलवर उभा राहून फार पुढे झुकला, तर मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि चाक घसरते.

स्पर्धक एकेक करून निघतात. प्रत्येकाची लढत घड्याळाशी असते. सुरुवातीला पाय ताजे असतात. म्हणून जोरात सुटण्याचा मोह होतो. पण जो पायथ्याशीच सारी शक्ती खर्च करतो, त्याची माथ्याजवळ दमछाक होते. स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. पाय जड होतात. तेथे सायकल थांबली, तर पुन्हा चढावर सुरू करणे फार कठीण असते.

दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक ओरडून धीर देतात. पण पेडल ज्याचे त्यालाच मारावे लागते. खरा चढ शेवटी आहे, हे पायथ्याशी असतानाच ज्याच्या ध्यानात राहते, तोच चांगल्या वेळेत माथा गाठतो.